दवाखाना सुटला, आता पुढचे कोण पाहणार?

माणूस तालुक्याच्या दवाखान्यात पडून असला म्हणजे त्याच्या खाटेभोवती किती गर्दी असते, हे तुम्हांला सांगायला नको. कुणी शहाळे घेऊन येतो, कुणी बिस्किटांचा पुडा, कुणी सासुरवाडीची दहा माणसे जीपमध्ये कोंबून आणतो. नर्सबाई रागावतात, शिपाई हाकलतो, तरी मंडळी खिडकीतून तोंड दाखवून जातातच. समाचाराला गेलो नाही तर उद्या बोल लागेल, ही भीती! मग आठ-दहा दिवसांनी डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या." गाडी दारात येते, म्हातारी भाकरतुकडा ओवाळून टाकते, आणि त्या दिवसापासून समाचाराची मंडळी आपापल्या कामाला लागतात. रोगी सुटला आणि आपणही सुटलो!

खरे पाहता समाचाराची गरज त्याच दिवशी सुरू होते. दवाखान्यात वेळेवर गोळी देणारे, ताप पाहणारे, जखम उघडून बघणारे माणूस होते. ते त्याचे कामच होते. घरी हे काम कुणाचे? बहुतेक घरांत ते ठरलेलेच नसते. सुनेला वाटते आत्याबाईंनी गोळी दिली असेल, आत्याबाईंना वाटते पोराने दिली असेल, आणि पोरगा पहाटेपासून मोटारीच्या मागे. गोळी पुडीत तशीच राहते. चौथ्या दिवशी रोग्याला जरा बरे वाटते, आठव्या दिवशी तो बैलाला वैरण टाकायला उठतो, आणि महिन्याने त्याला पुन्हा त्याच खाटेवर नेऊन टाकावे लागते. या खेपेला दागिना मोडून!

म्हणून वाचकहो, घरी आणल्यावर पुढचे पाहणारे एक माणूस नेमा. सगळ्यांनी मिळून नव्हे, एकाच माणसाने पाहायचे. आणि गावातल्या शहाण्या माणसांनी समाचाराला दवाखान्यात एकदा गेले तर घरी तीनदा जावे. ही नुसती चांगुलपणाची गोष्ट नाही. अशा येण्या-जाण्याने माणसे वाचतात हे आपल्याच देशात मोजून पाहिलेले आहे.

मद्रासेत काय दिसले

क्षयाचे उदाहरण घ्या. पूर्वी क्षय झाला की माणसाला घरापासून दूर, मोकळ्या हवेच्या आरोग्यधामात ठेवीत. मिरजेजवळचे वानलेसवाडीचे आरोग्यधाम जुन्या मंडळींना आठवत असेल. घरी ठेवले तर रोगी सुधारणार नाही आणि घरच्यांनाही रोग लागेल, अशी समजूत होती. पण देशात रोगी लाखांनी आणि खाटा थोड्या.

तेव्हा १९५६ साली मद्रास शहरात एक प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतले क्षयरोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन भाग केले. निम्मे आरोग्यधामात राहिले. त्यांना विश्रांती, चांगले अन्न, स्वच्छ हवा. निम्मे आपापल्या दाटीच्या खोल्यांतच राहिले. जेवण बेताचे, काम सुटलेले नाही. औषध मात्र दोघांना तेच, वर्षभर. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा जगभरचे डॉक्टर चकित झाले. घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना रोग अधिक लागला असेही दिसले नाही. आरोग्यधामांचे दिवस तिथून भरत आले.

पण यातली खरी गोम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्या घरच्या रोग्यांना गोळ्यांची पुडी देऊन वाऱ्यावर सोडले नव्हते. त्यांच्या घरी माणूस जात असे, कधी कधी न सांगता. डब्यात गोळ्या किती उरल्या ते मोजले जाई. लघवी तपासून औषध पोटात गेले की उकिरड्यावर, हेही पाहिले जाई. घर दवाखान्याच्या बरोबरीला आले ते या पाठपुराव्यामुळे.

आजही क्षयाचे तसेच आहे. साध्या क्षयाचे औषध सहा महिने चालते, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दीड-दोन महिन्यांत खोकला उतरतो, भूक लागते, अंगावर मांस चढते, आणि रोगी म्हणतो, "आता कशाला?" याच ठिकाणी घात होतो. उरलेले जंतू औषधाला निर्ढावतात आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत. सकस खाण्यासाठी सरकार २०१८ पासून रोग्याच्या खात्यात महिना ५०० रुपये घालत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० केले आहेत. ते पैसे अंडी, डाळ, शेंगदाणे यांत जातात की दुसरीकडे, हे पाहणेही घरच्या नेमलेल्या माणसाचेच काम!

बाळंतिणीचे बेचाळीस दिवस

दुसरी गोष्ट आपल्या गडचिरोलीची. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत नवजात बाळांच्या घरोघरच्या देखभालीचे काम उभे केले. गावातलीच एक बाई निवडायची, तिला शिकवायचे, आरोग्यदूत म्हणायचे. ती ठरलेल्या दिवशी बाळाच्या घरी जाई, तराजूत बाळ तोली, श्वास मोजी, ऊब कशी द्यायची ते आईला दाखवी, आणि जंतुदोष झाला तर शिकवल्याप्रमाणे औषधही देई. शेजारच्या गावांशी तुलना केली तेव्हा तिसऱ्या वर्षी बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. १९९९ साली विलायतेच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. फार शिकलेली माणसे नव्हती ती. पण बाळ कसे आहे ते पाहायला ठरल्या दिवशी दारात उभी राहत होती.

त्या वेळी तिथली बहुतेक बाळंतपणे घरीच होत. आता आपल्या लेकीसुना दवाखान्यात बाळंत होतात, हे चांगलेच झाले. पण साधे बाळंतपण असेल तर दोन-तीन दिवसांत त्या घरी येतात. महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात. म्हणजे धोक्याचे बरेचसे दिवस घरातच जातात.

गडचिरोलीचा अनुभव धरून २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, अशा सहा दिवशी आशाताईने घरी यायचे असते. घरी जन्म झाला तर पहिल्या दिवशीही. हे दिवस दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवा आणि आशाताई आली नाही तर निरोप धाडा. तिच्याकडेही हजारभर वस्ती असते, तिला दोष देत बसण्यापेक्षा एक फोन बरा.

इथे आपल्या एका चांगल्या चालीने घोटाळा होतो. पहिलटकरीण माहेरी जाते. गरोदरपणी तिचे नाव सासरच्या गावी नोंदलेले असते, आणि बाळ येते माहेरच्या गावी. सासरची आशाताई समजते, तिकडची बघेल. माहेरच्या आशाताईला बाळंतीण आल्याचेच कळत नाही. दोन्ही घरे तालेवार, माणसे प्रेमळ, आणि सहाच्या सहा भेटी बुडतात! तेव्हा मुलगी माहेरी पोचली त्याच दिवशी आईने किंवा भावजयीने आपल्या गावच्या आशाताईला सांगून यावे. बाराव्याला परत सासरी पाठवणार असाल तर तेही कळवावे.

बाळ ओढून पीत नाही, अंग गार किंवा तापलेले, श्वास भरभर, छाती आत ओढली जाते, झटके येतात, नाळेतून पू येतो, तळहात-तळपाय पिवळे पडतात, यांतले एक जरी दिसले तरी उद्याची वाट पाहू नका. नाळेला राख, हळद, तेल काही लावू नका, ती कोरडी राहू द्या. मध नको, गुटी नको. सहा महिने आईचे दूध पुरे. आणि बाळंतिणीला पाणी तोडू नका हो! पाणी प्यायल्याने पोट सुटते, टाके पिकतात, या समजुतीने कित्येक बायांना दूध येण्याच्या दिवसांत तहानलेले ठेवतात. तिला अंगावरून फार जाऊ लागले, घाण वास येऊ लागला, ताप भरला, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर गाडी जोडा. रात्र असली तरी. १०८ ला फोन केला की गाडी येते.

कागद आणि गोळ्या

आता घरी निघतानाचे बोलू. त्या दिवशी सगळ्यांना घाई असते. बिल भागवायचे, गाडीवाला हॉर्न वाजवतो, म्हातारा म्हणतो "चला आता". डॉक्टर काय सांगतात ते ऐकायला जो उभा असतो तो बहुधा चुलत मेहुणा असतो, आणि घरी सेवा करणारी बाई सामान बांधत असते. हे उलटे करा. जी घरी गोळ्या देणार आहे तिलाच डॉक्टरांपुढे उभी करा. लाजू नका. समजलेले डॉक्टरांना परत सांगून दाखवा, चुकत असेल तर ते तिथेच सुधारतील.

डिस्चार्ज कार्ड हा कागद सातबाऱ्याइतका जपा. काय आजार होता, काय केले, कोणत्या गोळ्या, पुन्हा केव्हा यायचे, हे त्यावर लिहिलेले असते. खताच्या पिशवीचा एक स्वच्छ तुकडा शिवून त्यात कार्ड, फोटो, रक्ताचे रिपोर्ट एकत्र ठेवा आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी ती पिशवी बरोबर न्या. गोळीपुढे १-०-१ असे लिहिले असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक असा त्याचा अर्थ. अक्षर लागत नसेल तर औषधाच्या दुकानदाराकडून पुडीवर सूर्य आणि चंद्र काढून घ्या, म्हातारीलाही कळते.

बरे वाटले तरी न थांबवायच्या गोळ्या कोणत्या, एवढे मात्र नक्की विचारा. रक्तदाबाची गोळी, फिटांची गोळी, हृदयाच्या नळीत स्टेंट बसवल्यावरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, या मनाने सोडायच्या नाहीत. स्टेंटवाल्याने गोळ्या एकदम सोडल्या तर त्या नळीत रक्त गोठून पुन्हा झटका येऊ शकतो. रक्तदाबाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, आता पुष्कळ उपकेंद्रांतही मिळते. तिच्यासाठी जिल्ह्याला हेलपाटे घालण्याचे कारण नाही.

अर्धांग गेलेल्या माणसाच्या घरी तर पहिले तीन ते सहा महिने सोन्याचे असतात. हातापायांत जी ताकद परत यायची ती बरीचशी या काळात येते, आणि ती येते रोजच्या व्यायामाने. दवाखान्यात जो व्यायाम शिकवला तो घरी दिवसातून तीन-चार वेळा करून घ्यावा लागतो. आपण हाच काळ झाडपाल्याच्या आणि कबुतराच्या रक्ताच्या मागे गावोगाव फिरण्यात घालवतो! माणूस पडून असेल तर दर दोन तासांनी कूस बदला, नाही तर माकडहाडाला, टाचेला जखमा पडतात आणि त्या भरता भरत नाहीत. जेवण बसवून, लहान घासांनी. आडवे ठेवून पेज ओतली तर ती श्वासनळीत जाते. आणि त्याच्याशी बोलत राहा. जीभ जड झाली असली तरी पुष्कळांना समजते सारे. पोरे त्याच्या देखत वाटणीचे बोलतात ते तो ऐकत असतो.

जखमेविषयी थोडक्यात. टाके कोरडे ठेवा. शेण, तंबाखू, चुना, राख लावू नका. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. लाली, सूज, पू, ताप दिसला तर तारखेची वाट न पाहता दाखवा. प्लॅस्टर घातलेल्या हाताची बोटे गार, निळी, बधिर झाली किंवा ठणका असह्य झाला तर त्याच घटकेला निघा. वैदूकडून कामट्या आवळून घेतल्याने हात कुजून तोडावा लागल्याची उदाहरणे डॉक्टरांना ठाऊक आहेत. पोटाचे ऑपरेशन झालेल्याने पोते उचलायचे नाही, घागर उचलायची नाही. किती दिवस ते डॉक्टरांकडून आकड्यात विचारून घ्या. "जरा जपून" म्हटल्याने आमचा शेतकरी जपत नसतो.

ज्याविषयी कुणी बोलत नाही

तिसरी गोष्ट अवघड आहे, पण गावोगावची आहे. रागाच्या, कर्जाच्या किंवा दुःखाच्या भरात जिवाचे बरेवाईट करू गेलेला माणूस दवाखान्यातून वाचून येतो. घरचे म्हणतात, "चुकून पोटात गेले," आणि तो विषय बंद करतात. कुणी विचारीत नाही. विचारले तर ते असे विचारतात: "आम्हांला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या पाच ठिकाणी अशा १,८६७ माणसांचा अभ्यास केला. त्यांतले एक ठिकाण चेन्नई. निम्म्यांना नेहमीप्रमाणे उपचार करून घरी पाठवले. बाकीच्यांशी घरी जाण्यापूर्वी तासभर बोलले, आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोनवर किंवा घरी जाऊन, कसे चालले आहे ते विचारले. एवढेच. २००८ साली निकाल आला. दीड वर्षात नेहमीच्या गटात शेकडा २.२ माणसांनी जीव दिला होता, विचारपूस झालेल्या गटात शेकडा ०.२. आपण ज्याला समाचार म्हणतो, त्याचीच ही ताकद.

तेव्हा असा माणूस घरी आला तर पहिले काही महिने त्याला एकटे पाडू नका. फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी. त्याच्याशी शांतपणे बोला, आणि "पुन्हा तसे मनात येते का?" असे सरळ विचारायला भिऊ नका. विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट ओझे हलके होते. मामा, मित्र, गावातले गुरुजी, कुणीही त्याच्या विश्वासातला माणूस आठवड्याला एकदा चहाला येऊ दे. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात पुन्हा न्यायचे टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा करायची नाही, सांभाळायचे आहे, असे ठरवून दिले आहे. मन फारच खचले असेल तर १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतूनही. शरीराकडेही लक्ष असू द्या. काही कीटकनाशके पोटात गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी हातपाय लुळे पडू लागतात. तसे दिसले तर लगेच दाखवायचे.

तारीख आणि वाफसा

राहिली पुन्हा दाखवायची तारीख. ती हटकून अडचणीच्या दिवशी येते. वाफसा आला, तिफण उभी आहे, आणि कार्डावर लिहिले आहे 'सोमवार'. मग तारीख पुढे जाते, पुढे जाते, आणि जाते ती जातेच. म्हणून घरी निघतानाच डॉक्टरांना खरे सांगा, "साहेब, त्या आठवड्यात पेरणी आहे, दोन दिवस अलीकडे चालेल का?" पुष्कळदा चालते. बाजाराचा वार साधता आला तर दोन्ही कामे होतात. टाके काढणे, रक्तदाब पाहणे, ड्रेसिंग यांतले काय गावच्या आरोग्य केंद्रात होईल तेही विचारून कार्डावर लिहून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झाले असेल तर काही आजारांसाठी नंतरच्या तपासण्या आणि औषधे यांचीही सोय असते. दवाखान्यात योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतो, त्याला निघण्यापूर्वी गाठा. घरी आल्यावर फोन करून हे जमत नाही. एस.टी.त ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही आणि बायांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. आबांना दाखवायला सूनबाई घेऊन गेली तर अर्ध्या तिकिटात दोघांचे जाणे होते. आधार कार्ड आणि ती खताच्या पिशवीची थैली तेवढी विसरू नका.